मंगळवेढ्याच्या पिकअपचा मोकळा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. माझा पांढरा रंग बघून वयाचा अंदाज करू नका, तो दोनदा दिलेला आहे. हौद्याच्या पत्र्यावरचे पोचे बघा, म्हणजे माझी उमर कळेल. तरीसुद्धा मी रोज सकाळी मंगळवेढ्याहून सोलापूरला जाते, तिथून पुढे चिंचोळी एमआयडीसी गाठते आणि दुपार कलायच्या सुमाराला घराकडे वळते. एवढं सुख या वयात मिळेल असं कुणी सांगितलं असतं, तर माझा विश्वास बसला नसता. ते कसं मिळालं, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळ्या गाड्या ओळीने उभ्या असायचो, सारख्याच दिसणाऱ्या, सारख्याच चकचकीत. कोण कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नसायचं. माझ्या वाट्याला मंगळवेढा आलं आणि तात्याबा आले. तात्याबा ज्वारीचे शेतकरी. घरची ज्वारी तर ते पिकवायचेच, पण शेजारपाजारच्यांची पोतीही सोलापूरच्या बाजारात नेऊन पोचवायचे. मला घरी आणलं त्या दिवशी त्यांनी माझ्या काचेखाली हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "चल बाई, आता तू अन् मी."

त्यानंतरची वर्षं फार चांगली गेली. जाताना ज्वारीची पोती, येताना पेंड, खत, कधी कुणाच्या लग्नाची भांडी, तर कधी वऱ्हाडच. तात्याबा बोलायचे कमी. पण सकाळी चावी लावण्याआधी ते माझ्या बॉनेटवर तळहात टेकवायचे, आणि तेवढ्याने माझा दिवस चांगला जायचा. लोक माझी तारीफ करायचे, त्या वेळी ते मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पाठोपाठ गुडघा धरला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण आता गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. थोरला मुलगा गंगाधर तिकडे केम गावात मास्तर, तो रविवारीच घरी यायचा. धाकटा युवराज मंगळवेढ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्याला त्याची मोटरसायकल प्यारी. मी कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहिले. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. चाकांतली हवा गेली. उंदरांनी तर बॉनेटच्या आत, हवेच्या डब्यात, कडब्याच्या भुश्शाचं मऊमऊ घर केलं. ते बाहेरून कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. आपलं काम संपलं असं मी मनाशी धरूनच चालले होते.

मला तिथून बाहेर काढलं ते महादेवीने.

महादेवी म्हणजे गंगाधरची बायको, तात्याबांची थोरली सून. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे कामाच्या नादात ती कानडीत गुणगुणायची. तिच्या हाताला कडक भाकरी फार सुरेख जमायची. कागदासारखी पातळ, खमंग, मोडली की कटकन आवाज येणारी. शेजारच्या बजाबाई आणि गल्लीतल्या चार बायका जमवून तिने भाकरीचा आणि शेंगाचटणीचा छोटा धंदा सुरू केला होता. भाकरीला मागणी होती, पण ती सोलापुरात पोचायची कशी, हाच घोर होता. एसटीने पाठवली की खोकी फेकली जायची. भाड्याच्या टेम्पोवाल्याला सांगितलं तर तो मान डोलवायचा आणि खड्ड्यात गाडी तशीच घालायचा. शेवटी महादेवीने ठरवलं की आपली भाकरी आपणच न्यायची. युवराजने तिला मोकळ्या रानात गाडी शिकवली. तिला लायसन मिळालं तेव्हा गंगाधरने केमहून पेढे आणले.

तात्याबांनी चावी दिली, पण एक अट घातली. "गाडी चालीव, माझं काय म्हणणं न्हाय. पर तिच्यात कायबी बदलायचं न्हाय." बोलणं तेवढंच. ती वळण घ्यायची, मागे घ्यायची, तेव्हा ते ओट्यावर बसून बघत राहायचे. त्यांना बरं वाटतंय की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात महादेवीच्या एक गोष्ट ध्यानात आली. मी रिकामी असले की आदळते. माझ्या स्प्रिंगांचे पाटे मालासाठी घडवलेले आहेत, हलक्या खोक्यांसाठी नाहीत. मग तिने युक्ती काढली. खाली ज्वारीची पोती भरायची आणि त्यांच्यावर भाकरीची खोकी ठेवायची. पोत्यांच्या वजनाने मी दबून, मऊ चालायचे. भाकरी शाबूत राहायची आणि ती उतरवल्यावर ज्वारीही बाजारात पोचायची. युक्ती झकास होती, पण ते वजन ओढायचं मलाच होतं आणि माझ्या अंगात त्राण नव्हतं.

मित्रांनो, गाडीलाही श्वास असतो. पुढून हवा आत घ्यायची, डिझेलबरोबर ती जाळायची आणि मागून धूर सोडून द्यायचा. माझी आत घ्यायची वाट उंदरांच्या घराने आणि धुळीने बुजली होती. बाहेर सोडायची नळी बांधावरच्या दगडाला लागून चेपली होती आणि आतून गंजली होती. मी काळा धूर ओकायचे. गाडी पिकअप घेत नाही, असं वाटेवरचे ड्रायव्हर म्हणायचे, आणि नावाचीच पिकअप म्हणून हसायचे. महादेवीने मला गॅरेजमध्ये दाखवून आणलं, तेव्हा ऑइल बदललं गेलं आणि आता वय झालंय असं सांगण्यात आलं.

अशात चिंचोळीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनने महादेवीची भाकरी घ्यायची तयारी दाखवली. कॅन्टीनचा व्यवस्थापक अनीश हा तरुण माणूस. कामगारांना भाकरी आवडली तर रोजचं काम देतो, असं त्याचं म्हणणं होतं. महादेवी आणि बजाबाई मोठ्या उमेदीने निघाल्या. भीमेचा पूल ओलांडून आम्ही चढाला लागलो आणि पुढे उसाची ट्रॉली अडकली. आम्हालाही थांबावं लागलं. ट्रॉली हलली. महादेवीने क्लच सोडला, पण माझ्यातून नुसता धूर निघाला. मी पुढे जायच्या ऐवजी मागे सरकू लागले. कुणीतरी भला माणूस मोटरसायकल टाकून धावला आणि त्याने चाकामागे दगड लावला. हौद्यातली पोती घसरली, खोकी आडवी झाली. आम्ही पोचलो तेव्हा कामगारांची जेवणाची सुट्टी संपून गेली होती आणि खोक्यात नुसता चुरा होता.

बजाबाईंनी धीर सोडला नाही. हा चुरा दह्यात कालवून खावा, लई ग्वाड लागतो, असं त्यांनी अनीशला समजावून सांगितलं. तो हसला, पण सुट्टीची घंटा कुणासाठी थांबत नाही हेही त्याने सांगितलं. आणखी थोडे दिवस वाट बघतो म्हणाला.

घरी आल्यावर युवराजने प्रश्न हातात घेतला. मोबाइलवर त्याने कितीतरी गाड्या बघितल्या होत्या, सगळ्या वाघासारख्या गुरगुरणाऱ्या. त्याने एक जाड, चकचकीत नळी आणली आणि उघडा, गोल फिल्टर आणला. मामांची, म्हणजे तात्याबांची, अट आहे, असं महादेवी म्हणाली. त्यावर ही काही गाडी बदलणं नव्हे, नुसती नळी आहे, असं युवराजने तिला पटवलं. तिच्याकडेही दुसरा उपाय नव्हता. हवेचा डबा उघडला तेव्हा उंदरांचं घर सापडलं आणि दोघं पोट धरून हसली. मलाही हलकं वाटलं. मग डबाच काढून टाकला, उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवला आणि मागे सायलेन्सरच्या जागी ती नळी आली.

दुसऱ्या दिवशी गारव्यात मी खरोखर पळाले. युवराज दुकान बंद ठेवून सोबत आला होता, तो खूश होता. पण सोलापूर जिल्ह्यातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. ऊन चढलं, बॉनेटखाली भट्टी पेटली आणि उघडा फिल्टर तीच तापलेली हवा मला पाजू लागला. ताकद गेली, आवाज तेवढा राहिला. तो असा की कामती गावाच्या अलीकडे म्हशींचा एक कळप उधळला आणि त्यांच्यामागे त्यांचा मालक धावत सुटला. बजाबाईंनी पदराची दोन टोकं कानांत कोंबली होती. वाजले किती, असं महादेवीने विचारलं, तर ताक घरीच राहिलं, असं त्यांचं उत्तर आलं. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला आत सोडलंच नाही. खोकी हातांनी वाहून न्यावी लागली. हादऱ्यांनी वरच्या थरातल्या भाकरी तडकल्या होत्या. अनीशने चांगल्या निवडून घेतल्या, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

त्या दिवशी तात्याबांनी माझा आवाज शेतातून ऐकला. काठी टेकत ते घरी आले. माझ्याभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं आणि आत बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता रागावतील. ते रागावले नाहीत. हळू आवाजात एवढंच म्हणाले, "हिचे असले हाल बघण्यापरीस इकून टाकू. बाजारच्या दिवशी मानूस येईल, त्याला दावा."

महादेवीने बॉनेट खाली घेतलं. युवराज खाली मान घालून नळीवरची धूळ पुसत राहिला. वाईट सगळ्यांनाच वाटत होतं. माझ्याबद्दल कुणाच्याच मनात राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं.

संध्याकाळी महादेवी माझ्या हौद्याच्या कडेवर येऊन बसली. समोरच्या रानात ट्रॅक्टर नांगरट करत होता. मातीचे लोट उठत होते, त्यात तो मधूनच दिसेनासा व्हायचा, पण त्याचा आवाज कुठे अडखळत नव्हता. बांधापाशी येऊन तो थांबला. ड्रायव्हर उतरला, बॉनेटवर उभ्या असलेल्या नळीच्या टोकाची वाटी काढली, तिच्यातली माती झटकली आणि वाटी परत बसवली. महादेवी उठून उभी राहिली. तिने युवराजला हाक मारली.

"भावजी, ह्यो दिसभर मातीत लोळतो, तरी ह्याला धाप लागत न्हाय. त्याचं नाक बघा कुटं हाय."

युवराजने बघितलं. तो तिथेच उकिडवा बसला. मग काडी घेऊन मातीत रेघा ओढू लागला. हा डबा, ही नळी, इथून वर, काचेच्या बाजूने. दोघं दीर-भावजय अंधार पडेपर्यंत त्या चित्रावर वाद घालत होती. माझी विक्री दोन दिवसांवर आली होती आणि मला मात्र फार दिवसांनी आनंद झाला होता.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला सिद्रामप्पांची वेल्डिंगची शेड आहे. ते महादेवीच्या माहेरच्या ओळखीतले. ती त्यांच्याशी कानडीत बोलली, युवराजशी मराठीत, आणि दोन्हीकडे हात करून मला दाखवत राहिली. सिद्रामप्पांना कल्पना आवडली. त्यांनी तिच्यात आपलीही भर घातली. माझा मूळचा बंद डबा परत बसवला, त्यात साधा नवा कागदी फिल्टर घातला. डब्यातून एक नळी वर, काचेच्या कडेने नेली, म्हणजे इंजिनाची तापलेली हवा तिच्यात शिरणार नाही. तिच्या टोकाला भंगार बाजारातून आणलेली, जुन्या ट्रॅक्टरची धूळवाटी चढवली. मागची चकचकीत नळी काढली. तिच्या जागी पहिल्यासारखाच शांत सायलेन्सर आला, पण त्याची नळी किंचित रुंद होती, वळणं गोल होती, कुठे चेपलेलं नव्हतं, आणि टांगायला रबरं होती. यातलं काहीच महागाचं नव्हतं. नळी धरून युवराज घामाघूम झाला होता. तरी त्याने हळूच विचारलंच, थोडा आवाज ठेवता येईल का.

सिद्रामप्पा म्हणाले, "आवाजच पायजे तर घुंगरमाळ बांध की हिच्या गळ्यात."

युवराजही हसला. सिद्रामप्पांनी शेवटचा टाका मारला, हातमोजे काढले आणि म्हणाले, "आयतु, अक्का. झालं." मग मला सुरू केलं. मित्रांनो, तो पहिला श्वास मला अजून आठवतो. गार, स्वच्छ हवा वरून सरळ आत आली आणि कुठेही न अडता मागून निघून गेली. येताना धूर तपासायच्या केंद्रावर थांबलो, तिथे मी पहिल्या खेपेला पास झाले. युवराजने तो कागद माझ्या काचेला लावला.

बाजारचा दिवस उजाडला. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याच दिवशी कॅन्टीनला भाकरी पोचवायची होती. पोती भरली, खोकी चढली, दोर आवळला गेला. महादेवी तात्याबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, तुमची अट मी मोडली. आज तुमी माझ्यासंगट चला. परत आल्यावर हिला इकायचं का न्हाय, ते तुमीच ठरवा. मी पुन्यांदा इचारनार न्हाय."

तात्याबांनी चष्मा लावला, काठी घेतली आणि सवयीने उजव्या दाराकडे आले. मग थबकले, वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि चढून बसले. त्या जागेवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. महादेवीने चावी फिरवली. तात्याबा थोडं थांबले आणि त्यांनी विचारलं, "चालू हाय का बंद हाय?"

"चालू हाय, मामा."

वाटेत एके ठिकाणी रस्त्याचं काम चाललं होतं. सगळी वाहनं खालच्या कच्च्या रस्त्याने वळवली होती. धूळ इतकी की भर दिवसा लोकांनी दिवे लावले होते. त्या कच्च्या रस्त्यावरून परत डांबरीवर यायला मुरमाचा उभा चढ होता, आणि नेमकं आमच्या पुढचा ट्रक त्या चढावर थांबला. आम्हीही थांबलो. तात्याबांचा हात नकळत हँडब्रेककडे गेला. तिथे महादेवीचा हात आधीच होता.

"सोडा, मामा. मी घेते."

त्यांनी हात मागे घेतला. ट्रक हलला. महादेवीने घाई केली नाही, क्लच अलगद सोडला. मी ओझं अंगावर घेतलं आणि चढू लागले. धाप नाही, धूर नाही, पोती जागची हलली नाहीत. वर डांबरीवर चाकं लागली तेव्हा मला नवी असतानाची मी आठवले.

पुढे चहाच्या टपरीपाशी तात्याबांनी थांबायला सांगितलं. ते उतरले आणि सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरून उभे राहिले. मग तो उन्हात उलटसुलट करून बघितला. हात स्वच्छ होता. नंतर पुढे येऊन त्यांनी ती वाटी बघितली. कशी काढतात, ते महादेवीने दाखवलं. वाटीत धूळ साचली होती. ती रस्त्याकडेला ओतून त्यांनी वाटी आपल्या खांद्यावरच्या टॉवेलने आतून-बाहेरून पुसली.

"एवढं समदं हिच्या पोटात जात व्हतं," ते स्वतःशीच म्हणाले.

चिंचोळीच्या फाटकावर तोच पहारेकरी होता. त्याने मला ओळखलंच नाही. दार उघडता उघडता त्याने खिडकीतून आत वाकून तात्याबांना विचारलं, गाडी तुमची का.

"न्हाय," तात्याबा म्हणाले. "सुनेची हाय. मी नुस्ता सोबतीला आलोय."

महादेवी पुढे बघत होती. तिचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले, आणि दार पुरतं उघडल्यावरही मी थोडा वेळ जागची हलले नाही. पहारेकऱ्याला शिट्टी वाजवावी लागली.

सुट्टीच्या घंटेआधी खोकी उघडली गेली. अनीशने मधली एक भाकरी उचलून मोडली, तिचा कटकन आवाज माझ्या हौद्यापर्यंत आला. त्या दिवसापासून तिथलं काम महादेवीचं झालं. गिऱ्हाईक संध्याकाळी ठरल्याप्रमाणे आलं. तात्याबांनी त्याला चहा पाजला, गाडी विकायची नसल्याचं सांगितलं आणि हेलपाटा पडला म्हणून कडक भाकरीचा एक पुडा हातात दिला. आता तो माणूस दर बाजाराला भाकरी न्यायला येतो. चकचकीत नळी युवराजने दुकानदाराला परत केली. मित्र त्याला गाडीचा आवाज वाढवायचा उपाय विचारतात, तेव्हा तो आधी त्यांच्या गाडीचा फिल्टर उघडून बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी गाडी असेल. ती धापा टाकू लागली, तर लगेच म्हातारी झाली म्हणू नका. तिचा हवेचा डबा उघडून बघा, नळी कुठे चेपली आहे का बघा. थोडी धूळ झटकली, एखादं चांगलं सुटं सामान नीट बसवलं, तरी तिला पुष्कळ वर्षं मिळतात. आणि कुणी कितीही भरीला घातलं, तरी सायलेन्सर काढून तिला ओरडायला लावू नका. शांत गाडीचं एक सुख मला उशिरा कळलं, ते तुम्हाला सांगते. माझ्या आवाजात पूर्वी माणसांचं बोलणं बुडून जायचं. आता मला सगळं ऐकू येतं. महादेवी कानडीत काहीतरी गुणगुणत असते. आणि आमचे कमी बोलणारे तात्याबा डाव्या बाजूला बसून मंगळवेढ्यापासून सोलापूरपर्यंत तिला आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगत असतात.